उत्पन्न, अक्षरी

मुलुंडची तहसील कचेरी, खिडकी क्रमांक तीन.
काचेआडचा माणूस मान वर न करता विचारतो,
"महिन्याचं किती?"
आप्पा माझ्याकडे बघतात.
महिन्याचं असं काही नसतंच आमच्यात.

आमचं असतं मुहूर्ताचं.
तुळशीचं लग्न लागलं की पेटीतून लाल कोट निघतो,
आई सोनेरी झालर पुन्हा टाचते, दोरा दातानं तोडते.
मार्गशीर्षात चार, माघात सहा,
वैशाखात एकाच दिवशी दोन:
भांडुपची वरात पोचवून
त्याच घामेजल्या कोटानं घाटकोपरची हळद.
मग चातुर्मास.
मध्ये गणपतीचे काय ते दहा दिवस.
आणि ज्या वर्षी धोंड्याचा महिना येतो
त्या वर्षी जावयांना अनारसे मिळतात,
आम्हाला जास्तीचा एक रिकामा महिना.

हे कुठं लिहायचं?
रकाना बोटाच्या पेराएवढा.
त्याखाली आणखी एक: अक्षरी.

आप्पा घसा खाकरतात,
क्लॅरोनेट तोंडाला लावण्याआधी खाकरतात तसा,
आणि म्हणतात, "अडीच लाख धरा की."

अडीच लाख!
ट्रस्टच्या पत्रकात दुसऱ्याच ओळीत ठळक छापलंय,
दोन लाखांच्या आत.
मी चपलेनं त्यांची चप्पल दाबते.
त्यांना वाटतं, कमी सांगितलं.
"बक्षिशी वेगळी," ते म्हणतात.

जिन्यात भांडलो आम्ही.
"आप्पा, इथं जास्त असणं वाईट."
"असं कुठं असतंय?"
"इथं असतं."
ते कठड्याला टेकून उभे राहिले,
खाली मोटारसायकली बघत.

आयुष्यभर लोक विचारत आले, काय सुटतं रे वाजवून,
आणि आयुष्यभर त्यांनी थोडं वाढवूनच सांगितलं,
सोयऱ्यांना, वाण्याला, माझ्या पाचवीच्या बाईंना.
कर्ज न काढता तेवढीच श्रीमंती करता येत होती.
ती मी आज खोडायला लावली.

दुसऱ्यांदा रांगेत कुणी बोललं नाही.
आदल्या रात्री आईनं पंचांगातली टिंबं मोजून काढलेला
खरा आकडा मी सांगितला.
अक्षरीही मीच लिहिलं:
एक लाख बारा हजार रुपये फक्त.
शाळेत शिकवलं होतं,
'फक्त' लिहिलं की पुढं कुणाला काही वाढवता येत नाही.

फोर्टात ट्रस्टचं ऑफिस, मुलाखत बुधवारी.
आई म्हणाली, नवा ड्रेस नको.
मग म्हणाली, पण इस्त्रीचा घाल.
तिलाही नक्की ठाऊक नव्हतं
गरीब किती दिसायचं असतं.

"अवघडे कोण? रोहिणी यशवंत अवघडे?"
टेबलामागे तिघं, टेबलावर काजूची बशी.
बी.फार्म.च का? बारावीला किती? भावंडं?
नाही मिळाली मदत तर काय करशील?
(ह्याचं उत्तर मी तयारच केलं नव्हतं.
म्हटलं, "पुन्हा अर्ज करीन.")
"मोबाईल कोणता आहे?"
मी दाखवला. तडा गेलेली बाजू वर ठेवली,
मग माझीच मला लाज वाटली.

शेवटी चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "वडील काय करतात?
इथं नुसतं 'इतर' लिहिलंय."

"क्लॅरोनेट वाजवतात," मी म्हणाले.
एवढ्यावर थांबायचं होतं.
पण घसा खाकरला गेला,
"सबंध विक्रोळीत त्यांच्यासारखं कुणी वाजवत नाही.
ठाण्याहून माणसं येतात विचारत.
दोन-दोन वर्षं आधी."

बाईंनी पेन उचललं नाही.
कळवू, म्हणाल्या.

आप्पा बसस्टॉपवर उभे होते, वर आलेच नव्हते.
"माझं काय विचारलं?"
"विचारलं."
"किती सांगितलंस?"
"वाढवून," मी म्हणाले.
ते हसले नाहीत, पण चालताना
माझी फाईल त्यांनी आपल्या काखेत घेतली.

आज पंधरा दिवस झाले. छाननी सुरू आहे.
फी भरायची शेवटची तारीख अठ्ठावीस,
पंचांगात तोवर एकही टिंब नाही.
आप्पा तरी रोज संध्याकाळी
रीड ओली करून ठेवतात.